लवकीतला रस्सा

गेल्या वर्षी माझ्या रक्तात साखर निघाली. डॉक्टरांनी भाकर निम्मी आणि भाजी दुप्पट करायला सांगितली. ऐकायला हे सोपं आहे; पण आमच्या घरात कोंबडी शिजली की त्या दिवशी पालेभाजीकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या लेकीने त्यावर तोडगा सांगितला. रविवारी एक किलो चिकन आणायचं. लवकी, कोहळं, गाजर आणि पालक हे सगळं कांद्या-टमाट्यांबरोबर शिजवून मिक्सरमधून काढायचं, त्या वाटणातच रस्सा करायचा आणि डबे भरून ठेवायचे. खाणाऱ्याला भाजी दिसत नाही, पण पोटात जाते. तिच्या ऑफिसातल्या बऱ्याच जणी असाच आठवडा काढतात म्हणे.

(लवकी म्हणजे पुण्या-मुंबईचा दुधी आणि कोहळं म्हणजे तिकडचा लाल भोपळा. मी आमचेच शब्द वापरणार आहे.)

पहिल्याच रविवारी वाटीभर रस्सा सासूबाईंपुढे ठेवला. त्यांचं वय ऐंशीच्या पुढे, माहेर चिखली तालुक्यातलं. दात गेले, पण जीभ शाबूत आहे. एक भुरका मारून म्हणाल्या, "हा त आपला लवकीतला रस्सा हाये. कोंबडी लय टाकली फक्त."

मी गेली पंधरा-सोळा वर्षं जिल्ह्यातल्या खाण्यापिण्याच्या नोंदी जमवते आहे. घाटावरची मेहकर, चिखली, देऊळगाव राजाकडची गावं आणि घाटाखालची मलकापूर, नांदुऱ्याकडची गावं यांत जमेल तशी हिंडले आहे. वह्याच्या वह्या भरल्या, पण त्यांत 'लवकीतला रस्सा' एकदाही आलेला नव्हता. चूक माझ्या प्रश्नाची होती. मी विचारायची, "तुमच्याकडे कोंबडी कशी करतात?" त्यावर बाया पाहुण्यांची कोंबडी सांगायच्या: निखाऱ्यात भाजलेला कांदा, भाजलेलं सुकं खोबरं, खसखस, वर तर्री. जावई आल्यावर जे होतं, तेच. त्या दिवसापासून मी प्रश्न बदलला. "घरात तेरा माणसं आणि कोंबडी एक, मग काय करायच्या?" आधी हसू, मग थोडं गप्प राहणं, आणि मग दर दुसऱ्या घरात काहीतरी निघायला लागलं. कुठे लवकी, कुठे कोहळं, कुठे वांग्याच्या फोडी, कुठे मूठभर तुरीची डाळ. घाटाखाली वांगं जास्त, घाटावर लवकी आणि डाळ. देऊळगाव राजा, सिंदखेड राजाच्या बाजूला, म्हणजे जालन्याला लागून, येसर.

येसराविषयी थोडं सविस्तर सांगायला हवं. ज्वारी, बाजरी किंवा गहू, हरभऱ्याची डाळ, धने, मिरची आणि घरोघरचा मसाला हे सगळं वेगवेगळं भाजून एकत्र दळतात. उन्हाळ्यात केलं की डब्यात वर्षभर राहतं. उकळत्या पाण्यात कालवून टाकलं की अर्ध्या तासात आमटी तयार होते. मराठवाड्यात लग्नाच्या पंगतीला येसराच्या आमटीचा मान आहे. आमच्याकडे ते रोजच्या अडीनडीचंही आहे. बाईने वर्षातून एकदा दोन दिवस घाम गाळायचा आणि बाकीचे तीनशे दिवस त्या डब्यावर काढायचे, असा हा हिशेब. आठवड्याचा स्वयंपाक एका दिवशी उरकण्याचं आज नवल वाटतं. आमच्या आज्या तर वर्षाचा उरकत होत्या. वांग्याच्या फोडी, गवार, मेथी, हरभऱ्याचा पाला हे सगळं छपरावर वाळायचं आणि श्रावणापर्यंत पुरायचं.

आता कोंबडी. गावरान कोंबडी दीड किलोपर्यंत यायला पाच-सहा महिने घेते. तोवर ती उकिरड्यावर आपलं पोट आपणच भरते आणि मग अंडी देते. अंड्यांचे पैसे बहुतेक घरांत बाईचे असत. नवऱ्याला न विचारता खर्चता येणारे कदाचित तेवढेच. अशी कोंबडी कापायची म्हणजे बाईने आपला गल्ला फोडायचा. म्हणून ती नवसाला, पाहुण्याला, आखाडात श्रावण लागण्याआधी, नाहीतर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या करीला कापली जाई. कापली की मात्र ती घरातल्या सगळ्या तोंडांना पुरली पाहिजे, हा दुसरा नियम. लवकी या दुसऱ्या नियमातून आली.

कृती सासूबाईंनी सांगितली तशी देते. कोंबडी हळद-मीठ लावून थोड्या तेलात परतायची, पाणी घालून अर्धी शिजवायची. लवकीच्या बोटभर जाडीच्या फोडी त्यात सोडायच्या. लवकी कोवळी नको, जून हवी, म्हणजे विरघळत नाही. कांदा-खोबऱ्याचं वाटण बेताचंच. शेवटी येसर किंवा भाजलेल्या ज्वारीचं पीठ पाण्यात कालवून आळण लावायचं. वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर. लवकी रस्सा पिऊन घेते आणि चवीला कोंबडीसारखी लागते, निदान डोळे मिटल्यावर. तेलाचं नाव निघालं की सासूबाई पळी दाखवतात. बुधलीतून पळीभर, त्याहून जास्त नाही. तेल करडईचं, कधी जवसाचं.

हा केवळ गरिबीचा जुगाड आहे असं मीही आधी धरून चालले होते. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'तला स्वयंपाकघराचा भाग वाचला आणि ते मत बदललं. फारसी मला येत नाही. १८७३ साली छापलेल्या ब्लॉकमनच्या इंग्रजी भाषांतरावरून वाचते. त्यात बादशाही पदार्थांच्या याद्या मापांसह दिल्या आहेत आणि प्रत्येक पदार्थाच्या शेवटी तो किती थाळ्या होतो हेही दिलं आहे. या ओळींत मला स्वयंपाक्यापेक्षा कोठीवरचा कारकून जास्त दिसतो. त्यात 'कश्क' नावाचा एक पदार्थ आहे: मांस १० शेर, भरडलेले गहू ५ शेर, तूप ३ शेर, हरभरा १ शेर, शिवाय कांदा, आलं, मसाले. थाळ्या पाच. त्याच्या लगेच खाली 'हलीम' आहे. मांस, गहू, हरभरा आणि मसाले कश्कइतकेच. तूप मात्र ३ शेरांवरून १ शेरावर आलेलं. आणि सलगम, गाजर, पालक, बडीशेप प्रत्येकी अर्धा शेर. थाळ्या दहा.

मी ही दोन मापं कागदावर शेजारीशेजारी मांडली आणि बराच वेळ बघत बसले. मांस तेवढंच. तूप दोन शेरांनी कमी, भाजी दोन शेरांनी जास्त, आणि थाळ्या दुप्पट. माझ्या लेकीची रविवारची युक्ती आणि सासूबाईंची लवकी, दोन्ही या एका ओळीत आहेत. हलीम घोटून घोटून एकजीव करायचा असतो, म्हणजे भाजी लपवायचीही सोय झालीच. अकबराच्या कोठीत मांसाची टंचाई नव्हती. तरीही मांसात भाजी गेली ती चवीसाठी, पोताला, आणि थाळ्या वाढाव्यात म्हणूनही.

आमचा मुलूख त्या ग्रंथाला अनोळखी नाही. वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात मेहकर सरकार आहे, लोणारची नोंद आहे. पण म्हणून हलीम बादशाही मुदपाकखान्यातून थेट चिखलीच्या चुलीवर उतरला असं मी म्हणणार नाही. असले सरळ रस्ते खाण्याच्या इतिहासात सहसा नसतात. मला दिसणारा रस्ता वळणाचा आहे, आणि तो याच जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्यावरून जातो.

११ ऑक्टोबर १७२४ रोजी साखरखेर्ड्याला, आजच्या सिंदखेड राजा तालुक्यात, निजाम-उल-मुल्काने मुबारिजखानाचा पराभव केला. हैदराबादचं राज्य त्या दिवशी खऱ्या अर्थाने उभं राहिलं. त्या लढाईवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला तिचं महत्त्व वाटतं ते पुढच्या सव्वाशे वर्षांमुळे. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेला, तोवर आणि कागदोपत्री त्यानंतरही, आमचा संबंध हैदराबादशी राहिला. त्या बाजूचा एक पदार्थ आजही जिल्ह्यातल्या मुसलमान घरांच्या लग्नांत आणि उरुसाच्या जेवणात भातावर वाढला जातो. तो म्हणजे दालचा. हरभऱ्याची किंवा तुरीची डाळ, थोडं मटण, भरपूर लवकी आणि चिंच. मटणाचे तुकडे शोधावे लागतात, पण प्रत्येक घासाला मटणाची चव असते. शेकडो माणसं जेवतात आणि कोणी कमी पडलं म्हणत नाही. माझा अंदाज असा की लवकीतला रस्सा आणि दालचा हे शेजारी राहून एकमेकांसारखे झाले. एकाच विहिरीचं पाणी, एकाच बाजारातली लवकी, आणि लग्नाच्या पंगतीत एकमेकांकडे जेवलेली माणसं. एका चुलीवरचा पदार्थ दुसऱ्या चुलीवर जायला आणखी काय लागतं?

कोकणातही हीच रीत मासळीची आहे. वांग्यात सुकट, वांग्यात सोडे. भाजी मुख्य आणि मासळी चवीपुरती. आमच्या आठवडी बाजारातही सुकटाची एखादी पाटी असतेच. मराठवाड्यातल्या दलित स्वयंपाकावर शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) हे पुस्तक लिहिलं. मांसाच्या पट्ट्या वाळवून केलेल्या चान्यांची माहिती त्यात आहे. मिळालेलं मांस महिनोन्महिने पुरवायचं, चिमूटभर चवीवर अख्खं कालवण उभं करायचं, हे शास्त्र ज्यांच्याकडे सर्वांत पक्कं होतं त्यांना पाकशास्त्राच्या पुस्तकांनी दारातही घेतलं नाही. आमच्या कुणबी-माळी घरांतला लवकीतला रस्साही पुस्तकांत नाही, पण त्याचं कारण वेगळं आहे. तो आम्हीच लपवला. पाहुण्यासमोर तो कधी आला नाही.

आणखी एक गोष्ट नोंदवायला हवी. गावाकडे मोठ्या प्रसंगाचं मटण बहुतेकदा पुरुष शिजवतात: अंगणात, मळ्यात, चुलांगण मांडून. घरात माळकरी माणूस असेल तर भांडीही वेगळी. त्या रश्शात लवकी नसते. तो सगळ्यांना आठवतो, त्याच्या गप्पा होतात, 'आमच्या मामांच्या हातचं मटण' म्हणून तो लेखांतही येतो. घरातल्या चुलीवर बाईने वाढवलेला रस्सा मात्र पुरवून संपला की संपला.

१९७२ च्या दुष्काळात तोही थांबला. त्या वर्षीचं बोलताना माणसं मिलो सांगतात, म्हणजे परदेशातून आलेली तांबडी ज्वारी, आणि रोजगार हमीवर खडी फोडणं सांगतात. कोंबड्यांचं काय झालं विचारलं तर एक म्हातारी म्हणाली, "दाणा माणसाला नव्हता, कोंबडीला कुठला?" उरलेल्या विकल्या गेल्या किंवा खाल्ल्या गेल्या. वाळवणाला भाजीच नव्हती. त्या दोन वर्षांनंतर काही घरांत कोंबड्या परत आल्याच नाहीत.

आणि त्याच सुमारास दुसऱ्या बाजूने वेगळीच कोंबडी येऊ लागली. १९७१ साली बी. व्ही. राव यांनी पुण्यात व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत पांढरी कोंबडी तालुक्याच्या गावांत आणि मग खेड्यांच्या फाट्यांवर पोचली. लोक तिला 'बॉयलर' म्हणतात. पाच-सहा आठवड्यांत दोन किलोची होते. पिंजरा, लाकडाचा ओंडका आणि तराजू एवढ्यावर दुकान सुरू. कोंबडी बाईच्या गल्ल्यातून निघाली आणि किलोच्या भावात आली. ती स्वस्त झाली तशी लवकीची गरज संपली. एक पिढीही लागली नाही. सासूबाईंच्या धाकट्या जावा सांगतात की त्यांनी लवकीतला रस्सा खाल्ला, पण स्वतः कधी केला नाही.

रश्शातून नुसती लवकीच गेली नाही. नव्वदच्या दशकापासून घाटावर सोयाबीन वाढलं आणि करडई, जवस, ज्वारी मागे हटली. सोयाबीनचं तेल पिशवीतून आलं आणि पळी गेली. ढाब्यांवर 'सावजी'च्या पाट्या लागल्या. मूळ सावजी रस्सा नागपूरच्या हलबा कोष्टी समाजाचा. पाटीखालच्या कढईत नेमकं काय असतं ते कढईवाल्यालाच ठाऊक. तर्रीची जाडी हीच रश्शाची प्रतिष्ठा झाली. ज्वारीच्या भाकरीच्या जागी पोळी आणि रेशनचा तांदूळ आला. जेवण भरगच्च झालं, पण त्यातली भाजी चिमूटभर सांबारापुरती उरली. माझ्या साखरेचा दोष मी सगळा सोयाबीनवर टाकणार नाही. बसून वह्या भरण्याचाही त्यात वाटा आहे. पण पन्नाशीतल्या आम्हा बहिणी-जावांमध्ये साखरेच्या गोळ्या घेणाऱ्या मोजल्या तर एका हाताची बोटं पुरत नाहीत, आणि सासूबाईंना अजून एकही गोळी नाही.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की माणसाने दिवसाला फळं आणि भाज्या मिळून ४०० ग्रॅम खावं. आमच्या सध्याच्या ताटात ते बसवायचं तर लेकीची युक्ती वाईट नाही. तिची मापं अशी: चिकन १ किलो, लवकी ४०० ग्रॅम, कोहळं ३०० ग्रॅम, दोन गाजरं, पालकाची एक जुडी, तीन कांदे, तीन टमाटे, आलं-लसूण, तेल दोन मोठे चमचे, मसाला घरचा. पालक फार झाला तर रंग हिरवट येतो आणि खाणाऱ्याला संशय येतो. कोहळ्याने रंग सावरतो आणि आळणही आपोआप लागतं. लवकीत नव्वद टक्क्यांवर पाणीच असतं, म्हणून वरून पाणी बेतानेच. शिजवलेलं चिकन लवकर थंड करून उथळ डब्यांत भरायचं. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस, त्याहून जास्त ठेवायचं तर बर्फाच्या कप्प्यात. भारनियमनाची वर्षं आठवतात का? दिवसाचे दहा-दहा तास वीज नसायची. तेव्हा असले डबे भरले असते तर आठवडाभर दवाखान्यात काढावे लागले असते.

पण लेकीचा आठवडा आणि बुलढाण्याचा आठवडा एक नाही. आमच्या घरी सोमवार महादेवाचा, गुरुवार गजानन महाराजांचा, शनिवार मारुतीचा. उरले रविवार, मंगळवार, बुधवार आणि शुक्रवार. मध्येच चतुर्थी किंवा एकादशी आली तर तीनच. म्हणजे रविवारी केलेला रस्सा बुधवारी संपतो आणि शुक्रवारचा एक डबा तेवढा बर्फात जातो. लेक हसली. म्हणाली, "आई, तुमच्या देवांनी फ्रिजचा नियम आधीच पाळलाय."

एक फरक मात्र मला अजून टोचतो. लेकीच्या रश्शात भाजी लपवलेली आहे, कारण कोंबडी सगळ्यांना हवी आहे आणि भाजी कोणाला नको आहे. सासूबाईंच्या रश्शात लवकीच्या फोडी उघड्या होत्या, आणि शोधावी लागायची ती कोंबडी. पंगतीला आधी पुरुष आणि पाहुणे, मग पोरं, शेवटी बाया. तोवर भगुण्यात रस्सा आणि लवकीच्या फोडी उरत. आमच्या घरात सगळ्यांची समजूत होती, माझीही, की सासूबाईंना कोंबडीपेक्षा तिच्यातली लवकीच आवडते. मी सून म्हणून आले तेव्हा नणंदेने मला तसं सांगितलंही होतं. ही समजूत खरी का, असं मी त्यांना या वर्षी, लग्नाला तेहतीस वर्षं झाल्यावर पहिल्यांदा विचारलं. त्या म्हणाल्या, "आवडाले काय झालं? तेच राहे." आणि थोड्या वेळाने, "पण लागे चांगली."

ही दोन्ही उत्तरं मी वहीत लिहिली आहेत. एकच लिहिलं असतं तर खोटं झालं असतं.

आता मी अर्धी लवकी वाटणात घालते आणि अर्धीच्या फोडी रश्शात सोडते. यजमान त्या बाजूला काढतात, नातू विचारतो की हे काय आहे. सासूबाईंच्या वाटीत मी आधी कोंबडी वाढते, मऊ शिजलेली, हाडावरून सोडवून. त्या फोडीही मागतात.

गेल्या महिन्यात येसर नवं दळलं तेव्हा मी त्यांना डब्यात मूठ घालायला लावली आणि ती मूठ स्वयंपाकघरातल्या काट्यावर रिकामी केली. असं तीनदा केलं. ४१ ग्रॅम, ३९ ग्रॅम, ४२ ग्रॅम.

"काहून मोजून राह्यली वं?" त्यांनी विचारलं.

म्हटलं, लिहून ठेवते.

"मंग हेही लिही," त्या म्हणाल्या. "मानसं वाढली त पाणी आधी वाढवाचं, अन् येसर मागून. उलटं केलं त गाठी होतात."